दौलतबुवांची लाइव्ह कॅसेट

"तू माह्या माणसाचा गळा नागपूरले घेऊन गेला, वसंता. आता थो वापस आणून दे."

पार्वताबाई दुकानात आल्या, काउंटरवर पिशवी ठेवली आणि एवढंच बोलल्या. मी तेव्हा टेपचं हेड पुसून राहिलो होतो. हेड म्हणजे टेपरेकॉर्डरमधला तो चकचकीत तुकडा, ज्याला घासून फीत पुढे सरकते. त्यावर मळ बसला की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, म्हणून रोज सकाळी त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. तो बोळा माझ्या हातातच राहिला.

"झालं काय काकू?"

"काय झालं? पंधरा दिवस झाले, माणूस गाऊन नाही राहिला. आरतीसुद्धा ओठातल्या ओठात म्हणते. खंजेरी खुंटीले टांगली. काल गुरुवार. मंडळ दारापर्यंत आलं, तं हा म्हणते माह्या पोटात दुखते. चाळीस वर्षांत त्याचं पोट गुरुवारी कधी दुखलं नाही बाप्पा! आन् मी काय केलं म्हणून विचारू नको, चूक तुहीच आहे."

मी विचारणारच नव्हतो. चूक माझीच होती, हे मला त्यांच्या आधी ठाऊक होतं.

पांढुर्ण्यात माझं माईक-सिस्टिमचं दुकान. लग्न, सप्ताह, निवडणूक, जो बोलवेल त्याच्याकडे चोंगे, म्हणजे लाउडस्पीकर, घेऊन जायचं. शिवाय ऐंशीनंतर कॅसेटचा जमाना आला, तशी मी कॅसेट भरून द्यायलाही सुरुवात केली. लोक यादी घेऊन यायचे, मी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गाणी उतरवून द्यायचो. यालाच आमच्याकडे 'भरणे' म्हणत. पोतं भरतात, तशी कॅसेट भरायची.

पार्वताबाईंचे यजमान दौलतबुवा म्हणजे मोहगावच्या खंजेरी भजन मंडळाचे मुख्य गवई. एका हातात खंजेरी, डोळे मिटलेले, मागे दोन झीलकरी. झील म्हणजे बुवांनी ओळ सोडली की मागच्यांनी ती उंच आवाजात उचलायची. बुवांची एक खोड होती. एक कडवं झालं की ते थांबत, डोळे उघडत आणि समोर बसलेल्यांना विचारत, "समजलं का जी?" सगळी बैठक ओरडायची, "हाव जी!" मग कोणी म्हणायचं, "अजून एकदा होऊ द्या बुवा," कोणी अर्थ विचारायचं, कोणी अर्थ चुकवायचं. त्यावर दोन शब्द बोलून बुवा पुढचं कडवं घ्यायचे. एक भजन पाऊण तास चालायचं आणि कोणाला घाई नसायची.

या मंडळाचे अध्यक्ष शेषरावभाऊ. सौंसरचे संत्र्याचे मोठे व्यापारी. गाण्यातलं त्यांना इतकंच कळायचं की त्यात त्यांचं नाव घेतलं जातं की नाही. मंडळाची कॅसेट काढायची आणि कव्हरवर स्वतःचा फोटो टाकायचा, असं त्यांनी ठरवलं. मी मोहगावच्या एका बैठकीत माईक लावून रेकॉर्डिंग करून दिलं. भाऊंनी ते सौंसरला आपल्या घरी बसून ऐकलं आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"वसंता, यात पोरगं रडून राहिलं."

"हो भाऊ. बैठकीत होतं ते."

"कोणी तरी 'मागं सरका बे' म्हणते."

"गर्दी होती."

"आन् हा खोकला? अख्खा खोकला भरला तू. अरे, संत्र्यातली चुरी आम्ही बाजूले काढतो की नाही? बारकं फळ पेटीत टाकलं तं गिऱ्हाईक माल वापस करते. गाण्यातलीही चुरी काढावी लागते. मले क्लीन माल पाहिजे."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला तोपर्यंत एकही खरा स्टुडिओ आतून बघायला मिळाला नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, क्लीन पाहिजे असेल तर नागपूरला स्टुडिओत जावं लागेल." हे वाक्य माझं. शेषरावभाऊंचं नाही, बुवांचं तर नाहीच नाही. वरून मी इतका शहाणा की ती मोहगावची कॅसेट नंतर पुसली आणि तिच्यावर कोणाच्या तरी लग्नाची मंगलाष्टकं भरली.

भाऊंच्या जीपमधून आम्ही नागपूरला गेलो. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली, मधे जाड काच, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. आवाज परतून येऊ नये म्हणून भिंतीला गाद्या. इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. बुवा चप्पल बाहेर काढून ठेवून आत गेले.

रेकॉर्डिस्टने सगळ्यांना वेगवेगळं केलं. प्रत्येकाचा आवाज फितीवर वेगळ्या पट्टीत घ्यायचा, त्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. पेटीवाले मनोहर मास्तर एका कोपऱ्यात. खंजेरी बुवांच्या हातातून काढून मंडळातल्या एकाला दिली आणि त्याला पडद्यामागे बसवलं, ती फार वाजते म्हणून. झीलकऱ्यांना तर त्याने बाहेर बाकावरच बसवलं, त्यांचं नंतर घेऊ म्हणाला. म्हणजे बुवा आधी एकटे गाणार आणि ते गेल्यावर मागचे त्यांच्या मागे म्हणणार.

बुवांनी माईककडे पाहून हात जोडले. "कोणासाठी गाऊ जी?"

काचेमागून आवाज आला, "माइक के लिए गाइए."

बुवांनी त्यांचं ओलिताचं भजन घेतलं. हे भजन त्यांनी स्वतः जोडलेलं. बागाईतदार देवाला म्हणतो, सगळ्या जगाचं पाणी तूच फिरवतोस, एक दांड, पाण्याचा लहानसा पाट, माझ्याही ओळीकडे वळव. पहिलं कडवं झालं. बुवांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "समजलं का जी?"

समोर गादी होती. बुवा थांबले. सवयीने अजून थोडे थांबले.

"बुवाजी, रुकना नहीं है. टेप चल रहा है."

दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा बुवांनी "समजलं का जी?" म्हटलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं कडवं धरलं. रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला. शेषरावभाऊंनी मलाही अंगठा दाखवला. ओलिताचं पाऊण तासाचं भजन सहा मिनिटांत आटोपलं.

महिन्याभराने कॅसेट आली. भाऊंनी सौंसरला आपल्या घरी ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला. कव्हरवर फेटा बांधलेले भाऊ, खाली कोपऱ्यात टिकलीएवढे बुवा. मंडळी ऐकत गेली आणि जो तो म्हणत गेला, "क्लीन आहे." चांगलं आहे, असं एकानेही म्हटलं नाही. बुवा मान खाली घालून ऐकून राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःला ऐकून राहिले होते.

तिसऱ्या भजनानंतर ते मला बाहेर ओट्यावर घेऊन गेले.

"वसंता, खरं सांगजो. वरच्या जागी मी उतरून राहिलो ना?"

उतरणे म्हणजे सूर नेमक्या जागेच्या किंचित खाली लागणे. बुवा उतरत होते. उंच जागी पेटी एका ठिकाणी आणि बुवा तिच्या केसभर खाली. बैठकीत हे मला कधीच ऐकू आलं नव्हतं. इथे झील नंतर वेगळी भरलेली, समोर लोक नाहीत, कोणाचं पोर नाही. पांढऱ्या धोतरावरचा डाग दिसावा, तसं ते दिसत होतं.

मी म्हटलं, "थोडंसं."

"चाळीस वर्षं असाच गाऊन राहिलो होतो?"

मी काही बोललो नाही.

"आन् कोण्या भल्या माणसानं मले सांगितलं नाही," बुवा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या. ते आत परत गेलेच नाहीत, चप्पल घालून सरळ बसस्टॉपकडे निघाले.

आणि आता पार्वताबाई दुकानात उभ्या होत्या. त्यांना मी शब्द दिला, काहीतरी करतो म्हणून. करणार काय, ते मला ठाऊक नव्हतं. त्याच दुपारी शेषरावभाऊंचा निरोप आला, ताबडतोब ये.

भाऊ वेगळ्याच दुःखात होते. कॅसेट कोणी ऐकून राहिलं नव्हतं. बसस्टँडवरच्या पानठेल्यावर त्यांनी फुकट दिली होती. पानवाल्याने अर्धी बाजू वाजवली आणि विचारलं, "भाऊ, कोण वारलं?"

"लोकं म्हणते, यात बैठकीसारखं वाटत नाही," भाऊ म्हणाले. "पोरगं रडत नाही म्हणते, कोणी खोकलत नाही म्हणते. आता खोकला पाहिजे त्याईले! ठीक आहे. टाकू."

"काय टाकू?"

"लोकं टाकू. भाजीत मीठ कमी पडलं तं वरून टाकतो की नाही? तसं. आन् कव्हरवर मोठ्या अक्षरात छापू, लाइव्ह."

"भाऊ, बुवांनी गाणं सोडलं. त्यांचं काय?"

"त्याईचं गाणं झालं ना भरून? आता त्याईचं काय काम?"

माझं डोकंच तापलं. भाऊ मोठं गिऱ्हाईक म्हणून तोंड आवरलं, हे कबूल करतो. पण ते पुढचं वाक्य बोलले आणि मी शांत झालो. लोक गोळा करायचे होते मोहगावच्या शाळेत. बुवांचं घर त्या शाळेच्या समोर आहे.

रविवारी दुपारी शाळेचा हॉल भरला. मी भाऊंना सांगितलेली योजना अशी: एका मशीनवर स्टुडिओची कॅसेट चोंग्यावर वाजवायची. लोकांनी ती ऐकत दाद द्यायची. माईक लोकांकडे तोंड करून. दोन्ही आवाज मिक्सरमध्ये, म्हणजे चार नळांचं पाणी एका बादलीत पाडणाऱ्या खोक्यात, आणायचे आणि दुसऱ्या मशीनवर नवी कॅसेट भरायची. एक चोंगा मी खिडकीबाहेर, रस्त्याकडे वळवून ठेवला.

"हा तिकडं काहून?" भाऊंनी विचारलं.

"आतच ठेवला तर माईकमध्ये शिट्टी मारते." हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. खिडकी कोणती निवडायची, ते मात्र तंत्रात येत नाही.

फोटोसाठी म्हणून मंडळही वाद्यांसकट बोलावलेलं होतं. भाऊंनी फळ्यावर खडूने लिहिलं. १. टाळ्या. २. हाव जी. ३. खोकला (हळू). वर भिंतीवर शाळेनेच आधी रंगवून ठेवलं होतं, 'शांतता राखा'. लोक लग्नाला आल्यासारखे इस्तरी करून आले होते. बायका एका बाजूला, त्यांत पार्वताबाई. खोकल्यासाठी भाऊंनी खास गोविंदबाबांना पुढे बसवलं, ज्यांचा दमा अख्ख्या मोहगावला तोंडपाठ होता.

"हां बाबा, खोकला."

बाबांनी प्रयत्न केला. घसा खाकरला, छाती चोळली. काही आलं नाही.

"आजच काय झालं तुमाले?"

"माईक पाहून दबला जी," बाबा म्हणाले. "आत्ताच आंगणात भल्ला आला होता."

टाळ्यांची तीच गत. भाऊंनी बोट वर केलं की लोक टाळ्या वाजवत, बोट खाली केलं की थांबवत. कवायत. एक तान्हं पोर आईने मुद्दाम चिमटा काढून रडवायचं ठरलं होतं, ते खुदकन हसलं. भाऊ घामाघूम झाले. मी हेडफोन लावून गंभीर चेहरा करून बसलो होतो. आतून मला हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती.

शेवटी ओलिताचं भजन लावलं. बुवांचा आवाज हॉलमध्ये आला आणि खिडकीतून रस्त्यावर गेला. पहिलं कडवं संपलं. चोंग्यातून बुवा म्हणाले, "समजलं का जी?"

इथं फळ्याची गरज पडली नाही. अख्खा हॉल ओरडला, "हाव जी!" आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बुवा, अजून एकदा होऊ द्या!"

चोंगा कशाला थांबतो? तो केव्हाच पुढच्या कडव्यात गेला होता. अर्ध्या लोकांना ओळ ऐकूच आली नाही. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तेच. "समजलं का जी?" "हाव जी!" आणि चोंगा पुढे. लोक चिडले. एकाने चोंग्याकडे हात करून दम दिला, "थांब ना बे! माणसं बोलून राहिले ना!" आमचे दोन झीलकरी स्टुडिओपासून मनात राग धरून होतेच, त्यांनी आपल्या लयीत झील उचलली. लोकांनी त्यांना साथ दिली. चोंगा एका लयीत, गाव दुसऱ्या लयीत. बैलगाडीचे दोन बैल दोन वाटांनी निघावेत, असा गोंधळ. शेषरावभाऊ दोन्ही हात वर करून ओरडून राहिले होते, "दोन नंबर! आता फक्त दोन नंबर!"

आणि दारात दौलतबुवा उभे राहिले. अंगात बंडी, पायात चप्पल नाही.

"बंद कर थो डबडा, वसंता!"

मी वाजवणारं मशीन बंद केलं. भरणाऱ्या मशीनला हात लावला नाही. त्या दिवशी मी केलेलं चांगलं काम म्हणाल तर एवढंच.

"शेषराव, काही लाजबीज आहे का तुमाले? देवाच्या नावाचं भजन आहे थे, का तुमचा लिलाव? माणसं ओरडून राहिले आन् तुम्ही बोटं मोजून राहिले! आन् तुम्ही रे? झील अशी उचलते का कोणी? इतके वर्षं हेच शिकवलं का मी?"

झीलकरी खाली मान घालून म्हणाले, "मंग शिकवा ना बुवा."

बुवांनी पुढे येऊन मंडळाच्या वाद्यांतली खंजेरी हातात घेतली आणि उभ्याउभ्याच थाप मारली. पहिली ओळ रागातच आली. दुसरीला ते बसले, तिसरीला डोळे मिटले. मनोहर मास्तरांनी धावत पेटीचा भाता ओढला. कडवं संपलं, बुवांनी डोळे उघडले. समोर गादी नव्हती.

"समजलं का जी?"

असा "हाव जी" मी पुन्हा कधी ऐकला नाही. माझ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन आदळला आणि तिथेच राहिला. गोविंदबाबांना खोकला आला, मनसोक्त आला. तान्ह्या पोराने भोकाड पसरलं. पार्वताबाई पदराने डोळे पुसून राहिल्या होत्या आणि शेजारणीला सांगून राहिल्या होत्या की धूळ गेली. भजन पाऊण तास चाललं.

तंत्राच्या हिशेबाने ते रेकॉर्डिंग म्हणजे माझ्या धंद्याची अब्रू घालवणारं होतं. माईकचं तोंड लोकांकडे, गवई माईकच्या पाठीशी. त्यामुळे खोकला कानात, बुवा दहा हातांवर. शेषरावभाऊंनी ते ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे. फक्त मले बोलले तेवढं काढून टाक."

"नाही निघत भाऊ. शिवी आणि खंजेरीची पहिली थाप एकमेकांवर आहेत. शिवी काढली तर भजन बिनथापेचं सुरू होईल."

हे अर्धंच खरं होतं. ब्लेडने फीत कापून पट्टी चिकटवली असती तर निघालं असतं. पण भाऊंना पेटीतली चुरी कळते, फितीतली नाही. कॅसेट निघाली. बाहेर फेटा बांधलेले भाऊ, आत भाऊंना पडलेल्या शिव्या. सौंसर-मोहगावपासून बोरगावपर्यंत तिची मागणी आली आणि सावरगावहून नदी ओलांडून लोक माझ्या दुकानात भरून घ्यायला येऊ लागले. बहुतेकांची फर्माइश एकच, "सुरुवात कापू नका जी." गोविंदबाबांच्या सुनेने तर त्यांच्या खोकल्याची जागा वेगळी भरून मागितली. बाबा नातेवाइकांना ऐकवतात म्हणे.

पण माझा जीव अजून टांगणीलाच होता. कारण बुवांनी कॅसेट ऐकलीच नव्हती. दर गुरुवारी ते गाऊन राहिले होते, पण ही ऐकली आणि पुन्हा खंजेरी खुंटीला गेली तर? मी पार्वताबाईंना म्हटलं, घरात लावू नका. त्या म्हणाल्या, "लावत नाही. थो स्वतःच तुह्याकडं येऊन राहिला, बुधवारी."

बुधवारी दोघंही आले. मी हेडफोन पुढे केला, तर बुवांनी नाही म्हटलं. "सगळ्यांसोबत ऐकतो." दुकानात आम्ही तिघंच होतो. मी मशीन लावलं.

वरची जागा आली आणि बुवांनी बोट वर केलं. मी बटण दाबलं.

"इथं उतरलो."

या वेळी मी गप्प राहिलो नाही. "हाव बुवा. उतरले."

"मागं घे. अजून एकदा लाव."

मी लावलं. त्यांनी मान तिरपी करून ऐकलं.

"झीलकरीही उतरले."

"हाव."

"आन् हे मागचे? हे सारे लोकं?"

"तेही उतरले बुवा. तुमच्यासोबत."

"सारे?"

"पेटी सोडून सारे."

तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच बटण दाबलं. अख्खं मोहगाव एका ठिकाणी, आणि केसभर वर, एकटी, मनोहर मास्तरांची पेटी. ती इतकी बेसूर वाजत होती की कानाला टोचत होती. बुवांनी एक मोठा श्वास सोडला. गेल्या दोन महिन्यांत त्यांचे खांदे असे खाली आलेले मी पाहिले नव्हते.

"मास्तरले सांगजो," ते उठता उठता म्हणाले, "पेटी दुरुस्त करून आण मनावं."

पार्वताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काउंटरवरून पिशवी उचलली.

मी मास्तरांना निरोप दिला. सरळ माणूस, ते खरोखर पेटी घेऊन नागपूरला गेले. दुरुस्तीवाल्याने सगळे सूर तपासले आणि सांगितलं की पेटीत काही खराबी नाही. मास्तरांनी परत येऊन हे फक्त मला सांगितलं. मग आम्ही दोघांनी चहा पिता पिता ठरवलं की धंद्यात खरं बोलावं, पण मोहगावात पेटी दुरुस्त होऊन आली असंच सांगावं.